बॉनेटवर तारा नको

सकाळी साडेसहा

सुरतेतल्या उधन्याची सकाळ यंत्रमागांच्या खडखडाटाने उजाडते. सातला रात्रपाळी सुटते, दिवसपाळी चढते, त्यामुळे साडेसहापासूनच गल्ली माणसांनी भरलेली असते. ओडिशातल्या गंजामची पोरं असतात, बिहारची असतात, आणि आपली खानदेशची तर असतातच: नंदुरबार, शहादा, अमळनेर, पारोळा. तापी खोऱ्याची रेल्वे १९०० साली सुरतेपर्यंत जोडली गेली, तेव्हापासून खानदेशी माणूस या रुळांवरून पोटासाठी इकडे येतो आहे. माझे वडीलही तसेच आले. त्यांनी ट्रकच्या गॅरेजात काम धरलं, पुढे स्वतःचं शटर घेतलं. आज त्या शटरमागे मी बहुतेक फक्त जुन्या जीपच दुरुस्त करतो.

शटर वर गेल्यावर माझं पहिलं काम वाकून बघण्याचं. रात्री जाताना दुरुस्तीला आलेल्या जीपखाली एक कोरा पुठ्ठा सरकवलेला असतो. त्यावर कुठे, किती आणि कोणत्या रंगाचा डाग पडला, ते बघायचं. काळा डाग पुढे असेल तर इंजिनाचं ऑइल, मध्ये घट्ट सोनेरी असेल तर गिअर बॉक्स किंवा ट्रान्स्फर केस, चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर पुढच्या एक्सलचं सील. या जीपच्या पुढच्या चाकांमागे वळणाचा सांधा एका गोल लोखंडी वाटीत बंद असतो आणि त्यातलं वंगण एका फेल्टच्या रिंगने अडवलेलं असतं. वाटीला गंज चढून खड्डे पडले की नवं सीलसुद्धा चार दिवसांत फाटतं. आज उजव्या चाकाखाली रुपयाएवढा डाग आहे, डावीकडे पुठ्ठा कोरडा. म्हणजे डावी वाटी घासून, पॉलिश करून बसवली ते काम टिकलं. उजवीचंही तसंच करायचं, असं फळ्यावर लिहून ठेवलं.

साडेआठ

पोरं आली. चहा झाला, नाश्त्याला लोचो आला. धाकटा हेल्पर शिरपूरकडचा आहे. तो आल्याआल्या विचारतो, "भाऊ, आज चालू व्हई का?" त्याला म्हटलं, आधी व्हॉल्व्ह, मग बोलू.

नऊ

आता या गाडीबद्दल सांगायला हवं, कारण दिवसाचा मोठा वेळ तिच्याच पोटात जाणार आहे.

आरसी बुकाप्रमाणे ही १९६८ ची महिंद्रा, मॉडेल सीजे-३बी. एका सरकारी खात्यात तिने उमेदीची वर्षं काढली, लिलावात निघाली, मग दोन-तीन हात फिरली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून पाणी सोडल्यावर तापीने जवळजवळ सगळी सुरत बुडवली, तेव्हा ही अडाजणला एका बंगल्याच्या आवारात उभी होती. पाणी ओसरलं, पण गाळ राहिला. ट्रान्स्फर केस उघडली तेव्हा तळाशी ऑइल नव्हतं, वाळलेली तापी होती. चासीच्या चॅनेलमध्येही तोच गाळ दगडासारखा बसला होता आणि त्याने पोलाद आतून खाल्लं होतं. बाहेरून ठणठणीत दिसणारा पत्रा हातोडीने टकटक केल्यावर भुगा होऊन पडायचा. पुरात राहिलेली कुठलीही जुनी गाडी घेताना माणसाने बॉनेट उघडण्याआधी चासी ठोकून बघावी.

इंजिन मात्र तिचं स्वतःचं आहे, आणि हे फार मोलाचं. १९७३ नंतर पेट्रोल महागलं, तेव्हा देशभर हजारो पेट्रोल जीपची इंजिनं उतरवली गेली. कुणी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल बसवलं, कुणी पुढे प्यूजोचं. ते करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. कमाईच्या गाडीला परवडणारं तेल लागतं. पण त्यामुळे मूळ पेट्रोल इंजिन अंगात असलेली ३बी आज हुडकावी लागते.

या इंजिनाचं नाव हरिकेन. सव्वादोन लिटरला थोडं कमी, चार सिलिंडर. याची रचना आजच्या पोरांना प्रथम दाखवली की ती गोंधळतात. इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, रॉकरखाली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकच्या कुशीत. दोन मजल्यांवरचं इंजिन. वरचे चार व्हॉल्व्ह जुळवणं सोपं. खालच्या चारांसाठी बाजूचं झाकण काढायचं, आणि ते झाकण गरम होणाऱ्या मॅनिफोल्डच्या आड. बोटं सोलली जातात. इंजिन गार असताना इंचाचे हजार भाग धरले तर इनलेटला १८ आणि एक्झॉस्टला १६ एवढी फट ठेवायची. फिलर गेजची पट्टी आत सरकवून पोराच्या हातात देतो. ती ओढताना किती अडायला हवी, हे कुठल्याही पुस्तकात कळत नाही, हाताला कळावं लागतं.

अशी विचित्र रचना का केली, याला कारण आहे. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात विलीज-ओव्हरलँड ही मोडकळीला आलेली मोटार कंपनी होती. १९३३ मध्ये तिचं दिवाळं वाजून झालं होतं. तिथे बार्नी रूस नावाचा इंजिनिअर दाखल झाला. नवं इंजिन बनवायला पैसा नव्हता, म्हणून त्याने कंपनीच्या १९२६ सालच्या व्हिपेट गाडीचंच इंजिन हाती घेतलं. पिस्टन, बेअरिंग, कार्बोरेटर, कूलिंग, एकेक करून सुधारत त्याने ४८ अश्वशक्तीचं इंजिन ६० पर्यंत नेलं. सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असलेलं तेच इंजिन महायुद्धातल्या जीपमध्ये गेलं. युद्धानंतर आणखी ताकद हवी झाली, तेव्हाही नवा ब्लॉक ओतायचा खर्च टाळून इनलेट व्हॉल्व्ह तेवढे वर नेले. त्यातून निघालं हरिकेन, ७० च्या पुढच्या अश्वशक्तीचं. इंजिन उंच झालं, ते युद्धकाळच्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट उंच केलं. १९५३ ची ही सीजे-३बी. अमेरिकेत जीपच्या शौकिनांना हा उंच चेहरा फारसा आवडला नाही. आपल्याकडे तीन पिढ्यांनी जीप म्हणून डोळ्यांसमोर आणली ती मात्र हीच.

मला हा इतिहास या कामात रोज उपयोगी पडतो. व्हॉल्व्ह असे का, बॉनेट उंच का, हे कळलं की पुढचा बिघाड कुठे शोधायचा तेही कळतं.

साडेअकरा

पेट्रोलचे पाइप बदलले. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. जुन्या रबरी नळ्या आणि फ्युएल पंपाचा पडदा त्यात फुगतो, मऊ पडतो, चिरतो. या जीपची टाकी सीटखालीच असते, त्यामुळे इथे हयगय चालत नाही. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल गाडी आहे त्यांनी हे एक काम आधी करून घ्यावं.

ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला. हरियाणातल्या मंडी डबवालीहून पुढचे दोन मडगार्ड येऊन पडलेत. डबवाली म्हणजे जीपची पंढरीच. तिथे अख्खी बॉडी नवीन ठोकून मिळते. पण तयार बॉडी मी आणत नाही. जिथे पत्रा पूर्ण गेला, तेवढाच तुकडा बदलायचा, बाकी जुना पत्रा कापून, जोडून, ठोकून राखायचा. खर्च जास्त येतो, दिवस जास्त लागतात. तरी तेच करायचं, नाहीतर शेवटी मूळ गाडीची फक्त पाटी उरते.

एक

जेवण. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा. उन्हं तापली की पत्र्याखाली काम होत नाही, तासभर सगळे आडवे.

अडीच

डॅशबोर्डमागचा पत्रा घासायला घेतला. जीपचा बाहेरचा रंग भडक लाल आहे, कुणीतरी हौसेने मारलेला. त्याखाली पांढरा निघाला. पण डॅशमागे, जिथे वायरींच्या आड कुठल्याही रंगाऱ्याचा हात पोचला नव्हता, तिथे तळहाताएवढ्या जागेत फिकट राखाडी-निळा रंग लागला, आणि त्याच्याखाली थेट प्रायमर. म्हणजे पहिला रंग तो. पोराला सांगितलं, यापुढे इथे कागद लावायचा नाही. त्या तुकड्यावर टेप चिकटवला. रंगाच्या दुकानदाराला बोलावून त्याच्यावरूनच छटा जुळवून घेणार.

चार

जीपचे मालक, शेठ, आले. रिंग रोडच्या टेक्स्टाइल मार्केटात साड्यांचं दुकान आहे, उमदा माणूस, पैशाला कधी अडवलं नाही. खुर्चीवर बसल्याबसल्या त्यांनी मोबाइल पुढे केला. "मिस्त्री, बस, आवी ज जोईए." फोटोत हिरवट लष्करी रंगाची जीप होती. बॉनेटवर पांढरा तारा, मागे जेरीकॅन, बाजूला फावडं आणि कुऱ्हाड बांधलेली.

मी म्हणालो, "शेठ, ही बनवून देता येईल. पण तुमची गाडी ही नाही."

"जीप एटले जीप ने, भाई. विलीज."

मग पुढचा तास बोलण्यात गेला. मला तो वाया गेला असं वाटत नाही.

त्यांना सांगितलं, तो तारा अमेरिकन सैन्याचा. जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कारखान्यांना पत्रं पाठवली की आम्हाला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी. वेळ इतका थोडा दिला की बहुतेकांनी हातच लावला नाही. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट नावाच्या इंजिनिअरकडून दोन दिवसांत आराखडा करून घेतला आणि ४९ दिवसांत गाडी लष्कराच्या दारात उभी केली. २३ सप्टेंबर १९४० ला, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना. पण बँटमची ऐपत लहान. लष्कराने तिचे नकाशे विलीज आणि फोर्डला दाखवले आणि मोठं काम त्या दोघांकडे गेलं. विलीजने साडेतीन लाखांवर जीप बांधल्या, फोर्डने पावणेतीन लाखांवर. बँटमच्या वाट्याला सुमारे २,७०० गाड्या आल्या आणि मग तिने जीपमागे ओढायचे ट्रेलर बनवले. माझ्या मते हा अन्याय होता, आणि जीपचं नाव घेताना बँटमचंही नाव घ्यायला हवं.

रंगाचंही सांगितलं, कारण शेठना चार-चार हात मारून आरशासारखी गाडी हवी होती. लष्कराने विलीजला वजनाची मर्यादा २,१६० पाउंड घातली, म्हणजे सुमारे ९८० किलो. रूसची गाडी त्याहून बरीच जड होती. त्याने ती पूर्ण खोलली, बोल्टांची नको असलेली लांबी कापली, जिथे हलकं पोलाद चालेल तिथे ते घातलं आणि रंगाचा एकच हात दिला. तेव्हा कुठे ती काही औंसांनी मर्यादेखाली आली. ही गाडी झाली ती रंगाचंही वजन मोजून. तिच्यावर लंबीचे थर चढवून तिला चकचकीत करणं माझ्या हाताला पटत नाही.

"पण मग आपली कुठली?" शेठनी विचारलं.

"आपली मुंबईची."

२ ऑक्टोबर १९४५ ला लुधियानात 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी निघाली. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्रा बंधू, आणि भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. कैलासचंद्र युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या खरेदी मिशनचे प्रमुख होते आणि तिथे त्यांची बार्नी रूसशी भेट झाली होती. देश नवा, रस्ते कच्चे, जिल्हे अफाट. इथे चालेल ती हीच गाडी, हे त्यांनी ओळखलं. विलीजचे सुटे भाग पेट्यांतून येऊ लागले आणि मुंबईत माझगावला त्यांच्या जीप जोडल्या जाऊ लागल्या. नंतर एकेक भाग इथेच ओतायला, ठोकायला, कापायला सुरुवात झाली आणि काम कांदिवलीच्या मोठ्या कारखान्यात गेलं.

तिकडे टोलेडोत मालक बदलत राहिले. १९५३ मध्ये कैसरने विलीज घेतली, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सने, १९८७ मध्ये क्रायस्लरने. अमेरिकेत सीजे-३बी दीड लाखांहून थोड्या जास्त निघाल्या आणि १९६८ मध्ये ती बंद झाली. त्याच साली शेठची ही गाडी इथे रस्त्यावर आली. टोलेडोने जी गाडी सोडून दिली, ती आपल्या कामगारांनी पुढची कित्येक वर्षं बनवली. तिच्यातूनच सीजे ५००, एमएम ५४० निघाल्या आणि २०१० मध्ये थार आली. २०१८ मध्ये महिंद्राने त्याच घडणीची रॉक्सर अमेरिकेत विकायला नेली, तेव्हा जीपचं नाव असलेल्या कंपनीने तिच्या चेहऱ्यावरून तक्रार केली आणि महिंद्राला तो चेहरा बदलावा लागला.

शेठना म्हणालो, "तुमच्या जीपने नॉर्मंडी पाहिलेली नाही. तिने डांग पाहिलाय, धरमपूर, सोनगढ पाहिलंय. पावसाळ्यात जिथे बस जात नव्हती तिथे लस घेऊन, मतपेट्या घेऊन अशाच गाड्या गेल्या. तारा लावला तर तो इतिहास झाकला जाईल आणि जो दिसेल तो दुसऱ्याचा असेल."

शेठ काही वेळ बोलले नाहीत. मग व्यापाऱ्याचा रास्त प्रश्न आला. ताऱ्याने किंमत वाढते त्याचं काय?

त्यालाही माझ्याकडे उत्तर होतं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५,०००. नव्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. जिची आधीच नोंद आहे तिला जुना नंबर ठेवता येतो. बंधनही आहे: अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास आणि त्यासाठी लागणारी डागडुजी, पेट्रोल एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. रंगाचा यात संबंध नाही, पण इंजिन आणि चासीचा आहे. शेठची गाडी यात बसते, कारण तिचं सगळं तिचंच आहे. पुढे किंमत येईल ती याची येईल.

डॅशमागचा टेप उचलून त्यांना तो राखाडी-निळा तुकडा दाखवला. त्यांनी बोटाने चाचपला, फोटो काढला. "वडिलांना दाखवतो. त्यांनी सरकारी जीप पाहिल्यात." तारा रद्द, असं स्पष्ट ते म्हणाले नाहीत. आधी धरून बसलेला पॉवर स्टीअरिंगचा विषय मात्र त्यांनी स्वतःहून सोडला.

सव्वासहा

व्हॉल्व्हची झाकणं बसवली, पॉइंट साफ केले, पाणी भरलं. दुसऱ्या सेल्फला इंजिन घेतलं. पहिली दोन मिनिटं वरून टकटक आली, ऑइल रॉकरपर्यंत चढल्यावर आवाज बसला. हेल्पर ओरडला, "भाऊ, व्हई गई चालू!"

उधना–मगदल्ला रस्त्यावर चक्कर मारली. या गिअर बॉक्सला तीनच गिअर, आणि पहिल्याला सिंक्रो नाही. चालती गाडी दुसऱ्यातून पहिल्यात घ्यायची तर क्लच दोनदा दाबून, मध्ये रेस देऊन दात जुळवावे लागतात. घाई केली तर किरकिर करून सांगते. मागच्या एक्सलचा रेशो ५.३८, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडचा शाफ्ट सव्वापाच वेळांहून जास्त फिरतो. म्हणून ती वेगात मागे पडते, पण ओढीला मागे हटत नाही. ट्रान्स्फर केसचा लो टाकला की ती ओढ आणखी जवळजवळ अडीचपट होते. सगळं शोरूमच्या गाडीपेक्षा हळू, जड आणि मोठ्या आवाजाचं. पण स्टीअरिंगमधून रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळतो, आणि काही बिघडलं तर चार पान्यांत रस्त्यातच उघडता येतं. अशी गाडी आता कुणी बनवत नाही.

उजवीकडे थोडी ओढते. ब्रेकचा ड्रम बघायचा.

आठ

वहीत आजचं काम लिहिलं, पुठ्ठा बदलला. पाने मोजून फळीवर लावले, एक दहा-अकराचा सापडेना, तो मडगार्डच्या कोपऱ्यात निघाला.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. धुळे, जळगाव, नाशिक, पालघर, इकडे नवसारी, वलसाड, अजून कितीतरी घरांच्या मागे, गोठ्याशेजारी, चिंचेखाली अशी एखादी जीप उभी आहे. भंगारवाला वजनावर भाव करील. त्याआधी तीन गोष्टी करा. आरसी बुक शोधून जपून ठेवा. चासी नंबर आणि इंजिन नंबर घासून वाचा आणि बुकाशी ताडून बघा. मूळ पेट्रोल इंजिन कुठे कोपऱ्यात काढून ठेवलं असेल तर ते लोखंडाच्या भावात देऊ नका. आणि दुरुस्तीला काढाल तेव्हा तिला माझगाव-कांदिवलीचीच राहू द्या.